घशातला गोळा, छातीतली धडधड आणि चिनी वैद्य

तिरफळ

चीनमधली आठशे वर्षांपूर्वीची एक केस आधी सांगते, मग मुद्द्यावर येते.

वेइ देशिन नावाच्या गृहस्थाची बायको प्रवासात एका सराईच्या माडीवर मुक्कामाला होती. रात्री दरोडा पडला, घर पेटवलं गेलं आणि ती दचकून पलंगावरून खाली कोसळली. जीव वाचला. पण त्या रात्रीपासून कुठे जरा खुट्ट झालं की बाईची शुद्ध हरपायची. घरची माणसं चवड्यांवर चालू लागली, भांड्याला भांडं लागायची चोरी. असं वर्ष उलटून गेलं. येणाऱ्या प्रत्येक वैद्याने हृदयाचा विकार धरून जिनसेंग दिलं, मोती दिले, मन स्थिर करणाऱ्या गोळ्या दिल्या. ढिम्म फरक नाही.

मग झांग त्सोंगझेंग (११५६–१२२८) या वैद्याला बोलावलं. त्याने औषध दिलंच नाही. दोन दासींना बाईचे हात धरायला लावले, तिला उंच खुर्चीत बसवलं, समोर एक बुटकं मेज ठेवलं. 'इकडे बघा' म्हणाला आणि लाकडाने मेजावर दणका दिला. बाई जाम दचकली. वैद्य म्हणतो, मी लाकडाने मेज वाजवतोय, यात घाबरण्यासारखं काय आहे? ती सावरली की पुन्हा दणका. या खेपेला दचकणं थोडं कमी. असं चार-पाच वेळा झाल्यावर त्याने काठीने दार बडवलं. मग गुपचूप माणूस पाठवून तिच्या पाठीमागची खिडकी खरवडायला लावली. शेवटी बाईलाच हसू फुटलं, की ही कसली म्हणे उपचाराची रीत! त्या रात्री वैद्याने माणसं लावून तिची दारं-खिडक्या अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत वाजवत ठेवली. एक-दोन दिवसांत बाई ढगांच्या गडगडाटालाही दचकेना.

झांगच्या 'रूमेन शिचिन' या ग्रंथात ही केस आहे. त्याचं म्हणणं साधं होतं: जे रोजच्या बघण्यातलं झालं त्याला माणूस दचकत नाही. आजचे मानसोपचारतज्ज्ञ ज्याची भीती बसली आहे त्याच्याशीच थोडी थोडी, सुरक्षित जागी गाठ घालून देतात. वाचून मी उडालेच.

आता मुद्दा. मी बरीच वर्षं सिंगापुरात आहे. इथे चिनी वैद्याला 'सिनसेह' म्हणतात आणि झोप लागत नाही, छातीत धडधडतं, सारखं रडू येतं असल्या तक्रारी घेऊन लोक सर्रास त्याच्याकडे जातात. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला जे कचरतात तेसुद्धा. म्हणून यामागचं शास्त्र काय आहे ते वाचायला घेतलं.

'हुआंगदी नेइजिंग' हा या वैद्यकाचा मूळ ग्रंथ, दोन हजार वर्षांहून जुना. त्यात प्रत्येक भावनेला एकेक अवयव दिला आहे. राग यकृताचा, आनंद हृदयाचा, अतिविचार प्लीहेचा, शोक फुप्फुसांचा, भीती मूत्रपिंडांची. (हे अवयव म्हणजे शरीररचनेच्या तक्त्यावरचे अवयव नव्हेत, कामांचे गट समजा. चिनी 'यकृत' म्हणजे सोनोग्राफीत दिसतं ते नाही.) आणि भावना म्हणजे 'ची'ची, म्हणजे शरीरात खेळणाऱ्या प्राणशक्तीची, हालचाल. रागाने ची वर चढते, भीतीने खाली उतरते, दचकण्याने सैरभैर होते, शोकाने विरते, अतिआनंदाने ढिली पडते आणि विचार करकरून तिची गाठ बसते. परीक्षेच्या हॉलबाहेर पोटात कळ येऊन संडासाकडे धावलेल्या कुणालाही 'भीतीने खाली उतरते' हे समजावून सांगावं लागणार नाही.

मला यातलं सगळ्यात लक्षात राहिलं ते हे, की 'दुखणं शरीराचं की मनाचं' हा प्रश्नच तिथे कुणी विचारत नाही. भूक मेली आहे आणि डोक्यात विचारांचं चक्र थांबत नाही, ही एकाच आजाराची दोन लक्षणं. 'तुम्हाला काही झालेलं नाही, सगळं मनाचं आहे' हे वाक्य त्या पद्धतीत बसतच नाही. आपल्याकडे रिपोर्ट नॉर्मल आले की पेशंटला हेच ऐकायला मिळतं आणि तो आणखी खचतो.

कुणी ॲक्युपंक्चर किंवा चिनी काढे यासाठी घेतले आहेत का? अनुभव लिहा. विरोधी मतंही चालतील. (खडूसराव येणार हे गृहीत आहेच.)

खडूस_केमिस्ट

आलो.

गोष्ट झकास, पण यात चिनी वैद्यक कुठे आहे? ना ची, ना सुई, ना काढा. एक हुशार माणूस होता आणि त्याने डोकं लढवलं, एवढंच यातून दिसतं. उलट ज्यांनी शास्त्राप्रमाणे जिनसेंग आणि मोती दिले ते सगळे तोंडावर आपटले. शिवाय ही केस लिहिली कुणी? खुद्द वैद्याच्या गोटातल्यांनीच. फसलेल्या केसा कुठला वैद्य ग्रंथात लिहून ठेवतो?

रानजाई

वाचनखूण साठवली. दचकणाऱ्या बाईची केस आमच्या सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी कुत्र्याला घाबरणाऱ्या पोराला आजोबा रोज त्या कुत्र्याच्या गल्लीतून दूध आणायला पाठवायचे, त्याचा कुणी ग्रंथ नाही लिहिला.

दादरचा_निळू

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. घशात सतत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. गिळून जात नाही, खाकरून निघत नाही. जेवताना मात्र काही त्रास नाही. कान-नाक-घसावाल्यांनी दुर्बीण घालून पाहिलं, एंडोस्कोपी झाली, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. सगळं नॉर्मल. ऑफिसात क्लोजिंगचे दिवस आले की वाढतं. चिनी लोकांना हे होतं का हो?

तिरफळ

निळूभाऊ, होतं म्हणजे काय! तुमचा गोळा अठराशे वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवलेला आहे. हान राजवटीच्या शेवटी झांग झोंगजिंग नावाचा वैद्य होऊन गेला. (हा वेगळा झांग.) त्याच्या 'जिनग्वेइ याओल्युए' या ग्रंथात स्त्रियांच्या आजारांच्या प्रकरणात लिहिलंय, की बाईला घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा अडकल्यासारखं वाटतं. पुढच्या वैद्यांनी त्याला आलुबुखारच्या जातीच्या फळाची कोय अडकल्याची उपमा दिली आणि तेच नाव रूढ झालं. पुरुषांना होत नाही असं मुळीच नाही.

त्यावरचा काढा म्हणजे 'बानशिया होउपो तांग'. पाच जिनसा. बानशिया हा आपल्या अळू-सुरणाच्या कुळातला कंद, कच्चा विषारी, घसा खाजवून सोडणारा, म्हणून आल्यासोबत शुद्ध करून वापरतात. होउपो म्हणजे मॅग्नोलियाच्या झाडाची साल. पाइनच्या मुळांवर वाढणारी एक बुरशी. ताजं आलं. आणि शिसोची पानं, जी जपानी लोक माशाबरोबर खातात. कल्पना अशी, की मनात दाबून ठेवलेल्या गोष्टींनी ची तुंबते, तुंबलेल्या ठिकाणी कफ धरतो आणि दोन्ही मिळून घशात बसतात. काढा ची खाली उतरवतो आणि कफ मोकळा करतो.

हा काढा मागवून प्या असं मी मुळीच म्हणत नाहीये. पण आपल्याला होतंय ते खोटं नाही आणि आपण जगातले पहिले नाही, एवढं कळलं तरी निम्मा गोळा उतरावा.

ओपीडीतला_डॉक्टर

निळूभाऊंच्या तक्रारीला आमच्याकडे ग्लोबस म्हणतात. कॉमन आहे. दुर्बिणीने तपासून झालंय, गिळताना अडचण नाही, वजन उतरत नाही, म्हणजे सहसा घाबरायचं कारण नसतं. ताणाने वाढतो, आणि सारखं गिळून बघण्याने आणखी वाढतो. घोटभर पाणी प्या, खाकरणं बंद करा. खाताना अडकायला लागलं किंवा वजन उतरू लागलं, तर मात्र लगेच पुन्हा दाखवा.

मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. माझ्याकडे 'मला चिंता वाटते' असं सांगत जवळजवळ कुणी येत नाही. येतात ते हातपाय गळाल्याची, छातीत भरून आल्याची, डोक्यावर ओझं असल्याची, अंगात मुंग्या आल्याची तक्रार घेऊन. म्हणून तिरफळताईंचा मुद्दा पटला, पण त्याला एक पुरवणी जोडतो.

आर्थर क्लाइनमन हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ १९८० मध्ये चीनच्या हुनान प्रांतात, चांगशाच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम करत होते. तेव्हा चीनमध्ये नैराश्याचं निदान क्वचितच व्हायचं, पण 'शेनजिंग श्वायरुओ', म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा, हे निदान घरोघरी. गंमत म्हणजे ही कल्पना मुळात चिनी नाहीच. ती १८६९ मध्ये अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड या डॉक्टरने लोकप्रिय केली, तिकडे मागे पडली आणि चीनमध्ये मुक्कामाला राहिली. क्लाइनमननी असं निदान झालेले १०० पेशंट तपासले. त्यांच्यापैकी ८७ जण तेव्हाच्या अमेरिकन निकषांनी नैराश्याच्या आजारात बसत होते. पण त्यांच्या तोंडी तक्रारी होत्या डोकेदुखीच्या, झोपेच्या, चक्करीच्या. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या राजकीय धुमाळीत पोळलेली माणसं होती ती. 'मी दुःखी आहे' म्हणणं राजकीयदृष्ट्याही धोक्याचं होतं, डोकं दुखतं म्हणणं नव्हतं.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. नैराश्यावरच्या गोळ्यांनी त्यातल्या बऱ्याच जणांची लक्षणं सुधारली, तरी अनेक जण स्वतःला आजारीच समजत राहिले. नको त्या गावी झालेली बदली, साहेबाशी वैर, घरातली ताटातूट, यातलं काही हललं नाही तर नुसत्या गोळीने त्यांना बरं वाटत नव्हतं.

म्हणून पुरवणी अशी: शरीराच्या भाषेत दुःख सांगायची सोय चांगली, पण ती सोय कधीकधी दुःखाच्या कारणाकडे बघायचं टाळायलाही वापरली जाते. पेशंटकडून, वैद्याकडून आणि सरकारकडूनही.

निशिकासाईची_वहिनी

तोक्योहून लिहितेय. इथे याच चिनी काढ्यांची जपानी आवृत्ती चालते, तिला कांपो म्हणतात. फरक असा, की इथे ते नेहमीच्या एमबीबीएस-छाप डॉक्टरांकडूनच लिहून मिळतं आणि सरकारी आरोग्यविम्यात बसतं. निळूभाऊंचा काढा इथे 'हांगे कोबोकु तो' या नावाने चकचकीत पाकिटात मिळतो. पाळी जाण्याच्या वयात घाम, चिडचिड, धडधड सुरू झाली तेव्हा मला डॉक्टरीणबाईंनी 'कामी शोयो सान' दिलं होतं. मला बरं वाटलं. औषधाने वाटलं, की बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं म्हणून, ते मला सांगता येणार नाही आणि मला त्याची फिकीरही नाही.

पण खरं तर मला 'योकुकानसान'बद्दल सांगायचंय. आता जपानमध्ये हे औषध स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांची चिडचिड, आरडाओरडा कमी करायला देतात. मूळ औषध सोळाव्या शतकातलं, मिंग काळातल्या चिनी बालरोगवैद्याचं, आणि तान्ह्या-लहान मुलांसाठीचं. रात्री दचकून उठणारी, दात खाणारी, रडरडून आकडी येणारी मुलं. त्यात एक सूचना आहे: औषध आई आणि मूल दोघांनी घ्यावं.

इथल्या घरांमध्ये म्हाताऱ्या आईला ते पाकीट देणाऱ्या, रात्र रात्र जागलेल्या लेकी-सुनांकडे पाहिलं की वाटतं, त्या वैद्याला घर कसं चालतं ते ठाऊक होतं.

सिंहगडरोड

+१ वहिनी. शेवटचं फार आवडलं.

नागपूरकर_काका

अवांतर आहे, पण राहवत नाही. चीन आणि वैद्यक म्हटलं की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पथकात पाच डॉक्टर होते: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. चोळकर आमच्या नागपूरचे, त्यांचं नाव कुणी घेत नाही! कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात तिथेच वारले. ते शल्यविशारद. सुयांशी त्यांचा संबंध नाही. पण त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात येऊन त्यांनी ते रुजवलं. भारतातल्या ॲक्युपंक्चरचा उगम तिथला.

आपल्या राज्यात तर ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि परिषदही आहे. केंद्राने २०१९ मध्ये उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. तेव्हा गल्लीत कुणीही सुया टोचायला बसला की आधी नोंदणी विचारा. विचारायला लाजू नका राजेहो.

खडूस_केमिस्ट

नोंदणी आहे म्हणजे उपाय चालतो असं होत नाही, काका. नोंदणी तर बारलाही असते.

पुराव्याचं बोलू. नैराश्यासाठी ॲक्युपंक्चर यावर कॉक्रेनचा (वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) २०१८ चा आढावा आहे. ६४ चाचण्या, सात हजारांवर माणसं. निष्कर्ष असा, की काहीच उपचार न करण्यापेक्षा थोडाफार फरक पडत असावा, पण बहुतेक पुरावा कच्चा. दुसरी एक चाचणी अमेरिकेत २००९ मध्ये झाली, ती जुनाट कंबरदुखीची होती, पण मासलेवाईक आहे. ६३८ पेशंट. काहींना खऱ्या सुया, काहींना नळीतून नुसती दातकोरणी टोचल्यासारखी केली. दोघांनाही जवळपास सारखंच बरं वाटलं! मग सुया टोचायच्या त्या साडेतीनशेवर बिंदूंचं आणि ची वाहते म्हणतात त्या नाड्यांच्या नकाशाचं काय करायचं?

आता काढ्यांकडे. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' म्हणणाऱ्यांसाठी यादी:

मन शांत करणारी एक प्रसिद्ध जुनी चिनी गोळी आहे, 'झूशा आनशेन वान'. त्यातला झूशा म्हणजे हिंगूळ. पाऱ्याचं संयुग. झोप यावी म्हणून पारा!

१९९० च्या सुमारास ब्रुसेल्सच्या एका वजन कमी करणाऱ्या क्लिनिकमध्ये एका चिनी वनस्पतीच्या जागी भलतीच वनस्पती गेली, नावं सारखी म्हणून. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं खराब झाली, पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचे कर्करोग झाले.

वहिनी, तुमच्या जपानमध्ये 'शो साइको तो' या कांपो औषधाने न्यूमोनियासारखा फुप्फुसाचा गंभीर आजार होऊन माणसं दगावली, सरकारला १९९६ मध्ये इशारा काढावा लागला. तेही सरकारी विम्यातलंच औषध होतं.

ओपीडीतला_डॉक्टर

खडूसरावांची यादी बरोबर आहे, पण एक चाचणी ते सोयीस्कर विसरले. उत्तर इंग्लंडमध्ये नैराश्याच्या ७५५ पेशंटवर झालेली, २०१३ ची. काहींना नेहमीच्या उपचारासोबत ॲक्युपंक्चर, काहींना समुपदेशन, काहींना नुसताच नेहमीचा उपचार. तीन महिन्यांनी पहिले दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा बरे होते आणि त्या दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

खडूस_केमिस्ट

विसरलो नाही डॉक्टर. त्यात खोट्या सुयांचा गट नव्हता. म्हणजे सुईने काम केलं की आठवड्याला कुणीतरी तासभर आपुलकीने चौकशी केली त्याने, हे कळायला मार्ग नाही.

ओपीडीतला_डॉक्टर

मान्य. पण माझ्या ओपीडीत पेशंटला पाच मिनिटं मिळतात. तो तास ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे माणूस जाणारच. सुई असो वा नसो.

सई_सांगलीकर

इतके दिवस वाचनमात्र होते, आज लिहितेय. माझ्या भावाला पॅनिक ॲटॅक यायचे. रात्री-बेरात्री इमर्जन्सीत पळायचो, ईसीजी नॉर्मल यायचा, घरी पाठवायचे. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे गोळी सुरू झाली, काही आठवड्यांनी बरं वाटू लागलं. त्याच सुमारास कुणीतरी एका सुईवाल्यांकडे नेलं. सुयांनी त्याला छान वाटायचं, टोचून घेता घेता झोपूनच जायचा. पण त्या गृहस्थांनी सांगितलं, शरीरात केमिकल असेपर्यंत ची मोकळी होणार नाही, गोळी आजपासून बंद करा. भावाने केली. आठवड्याभरात चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, रडू, आणि ॲटॅक दुपटीने परत. सुईवाले म्हणाले, हे विष बाहेर पडतंय, चांगली खूण आहे!

आम्ही सरळ डॉक्टरांकडे गेलो. गोळी पुन्हा सुरू झाली. पुढे जवळपास वर्षभराने त्यांनीच हळूहळू कमी करून बंद केली. सुयांबद्दल माझी तक्रार नाही. त्या एका वाक्याबद्दल आहे.

ओपीडीतला_डॉक्टर

सईताई, हे सविस्तर लिहिलंत ते फार बरं झालं. ते झटके म्हणजे विष बाहेर पडणं नव्हे, गोळी एकदम तोडल्याचा परिणाम. जो कोणी, कुठल्याही पॅथीचा, लिहून दिलेली गोळी अशी तोडायला सांगतो त्याच्याकडून उठून यावं.

आणखी दोन गोष्टी इथेच लिहून ठेवतो. धडधड आणि घाबरं होणं नव्याने सुरू झालं असेल तर थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासा, चहा-कॉफी किती होते ते मोजा. आणि जगणं नको वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर ना काढा ना सुई. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.

तिरफळ

सईताई, भाऊ बरा आहे हे वाचून हायसं वाटलं.

खडूसराव, हिंगुळाबद्दल शंभर टक्के सहमत. पण 'यात चिनी वैद्यक कुठे आहे' याचं उत्तर देते. भावनेवर भावनेचा उतारा हे नेइजिंगमध्येच आहे. शोक रागावर मात करतो, भीती अतिआनंदावर, राग अतिविचारावर, आनंद काळजीवर, विचार भीतीवर. चिनी पंचतत्त्वांचं (लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी) एकमेकांना आवर घालण्याचं जे चक्र आहे, त्यातून आलेलं.

झांगचीच दुसरी केस बघा. एका श्रीमंत घरची बाई, विचार करकरून दोन वर्षं झोप नाही. झांगने तिच्या नवऱ्याशी संगनमत केलं. भरमसाट फी उकळली, त्यांच्याच घरी कित्येक दिवस दारू पीत बसला आणि एकही औषध न लिहून देता चालता झाला. बाईचा असा काही संताप झाला की घामाने निथळली आणि त्याच रात्री गाढ झोपली. राग अतिविचारावर मात करतो, तो असा. (आज कुणी केलं तर प्रकरण ग्राहक आयोगात जाईल हा भाग वेगळा. एका पैचं औषध न देता फी घेणाऱ्यांचा हा आद्यपुरुष असावा.)

म्हणजे ती नुसती हुशारी नव्हती, शास्त्राचा आधार होता. तो आधार बरोबर होता का, हा वेगळा प्रश्न. खंत याची, की पुढे हे सगळं मागे पडलं आणि काढा नि सुया उरल्या. १९५६ मध्ये बेजिंग, शांघाय, ग्वांगझोउ आणि चेंगदू इथे चिनी वैद्यकाची सरकारी महाविद्यालयं निघाली, अभ्यासक्रम ठरले, लक्षणांचे साचे ठरले. साच्यात काढा बसतो. मेज बडवणारा वैद्य बसवणं कठीण.

तरी काहीतरी उरलंय. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर तिच्या सिनसेहकडे गेले होते. टेबलावर एक छोटी उशी. तिच्यावर मनगट ठेवायचं. बाईंनी तीन बोटं टेकवली, आधी अलगद, मग दाबून, मग दुसऱ्या हाताला तसंच. बोलणं बंद. चिंतेच्या, तुंबलेल्या रागाच्या नाडीचं वर्णन पुस्तकात 'वाद्याच्या ताणलेल्या तारेसारखी' असं आहे. मग जीभ बघितली, कडांना दातांचे ठसे आहेत का ते. मग प्रश्न: किती वाजता जाग येते? (रात्री एक ते तीन ही यकृताची वेळ मानतात.) पाय गार पडतात का? स्वप्नं पडतात का? पाळीच्या आधी छाती दुखते का? जेवता कुणाबरोबर? शेवटच्या प्रश्नाला मैत्रीण गप्पच झाली, नंतर सांगायला लागली. नवरा दुसऱ्या शहरात, ही रोज लॅपटॉपसमोर जेवते. बाईंनी मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही.

लिहून दिलं 'शियाओयाओ सान', सुङ राजवटीच्या सरकारी औषधसंग्रहातलं, जवळजवळ नऊशे वर्षं वापरात असलेलं. वहिनींच्या कामी शोयो सानचा हा थोरला भाऊ. आता उकळायची भानगड नाही, तपकिरी भुकटीच्या पुड्या मिळतात, कोमट पाण्यात ढवळून घ्यायच्या. कानावर बारीक बियांच्या चिकटपट्ट्या लावून दिल्या, घाबरं झालं की दाबायच्या. आणि मनगटाच्या घडीवर करंगळीच्या बाजूचा 'शेनमेन' बिंदू दाखवला. बिंदू खरा की खोटा, खडूसराव ठरवोत. मीटिंगमध्ये टेबलाखाली कुणाला न कळता दाबता येतो, हा त्याचा गुण मला पुरेसा आहे.

मैत्रिणीला झोप लागायला लागली. नवऱ्याची बदलीही त्याच महिन्यात झाली. त्यामुळे डॉक्टरांचे क्लाइनमन इथेही हजर आहेतच.

खडूस_केमिस्ट

मनगट दाबायला माझी ना नाही. फुकट आहे. भुकटीच्या पुड्यांबद्दल एवढंच: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शियाओयाओमधल्या दांगग्वेइ या मुळीने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. डॉक्टरला सांगितल्याशिवाय घेऊ नये.

नागपूरकर_काका

तिरफळताई, एक शंका. चिनी वैद्यकात रडूबाईसाठी गहू नि खजुराचा काढा असतो असं कुठंसं वाचलं होतं. आमच्या हिला अलीकडे टीव्हीवरच्या जाहिराती पाहूनसुद्धा रडू येतं. गहू घरात आहे, खजूर आहे. देऊ का करून?

तिरफळ

काका, तो 'गानमाय दाझाओ तांग'. त्याच जिनग्वेइ ग्रंथातला. विनाकारण रडू येणं, सारख्या जांभया, झपाटल्यासारखं वागणं यावर. ज्येष्ठमध, गहू आणि दहा फळं. पण ती फळं खजूर नव्हेत, चिनी बोरं. आपल्या बोराची चुलत बहीण, वाळवली की लाल सुरकुतलेली होते, म्हणून इंग्रजीवाल्यांनी तिला खजुराचं नाव दिलं आणि सगळ्यांचा गोंधळ उडाला. चव गोड असते, लहान मुलंही पितात.

काकूंना बीपी आहे का?

नागपूरकर_काका

आहे. गोळी चालू आहे.

ओपीडीतला_डॉक्टर

मग नको. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, लघवीची गोळी चालू असेल तर आणखीच. काकूंचं थायरॉईड कधी तपासलं होतं?

नागपूरकर_काका

बहुधा मुलीच्या लग्नाच्या वेळी. उद्या सकाळी उपाशीपोटी घेऊन जातो.

ओपीडीतला_डॉक्टर

थायरॉईडला उपाशी लागत नाही काका, नाश्ता करून न्या. आणि रडू कधीपासून येतंय तेही एकदा शांतपणे विचारा.